पहिली-दुसरीचा खेळाचा तास हातातून निसटतोय, कुणी सांगेल का?

नमस्कार. मी २४ वर्षांची. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून यंदा जूनमध्ये सिंहगड रस्त्याकडच्या एका मराठी शाळेत लागले. पहिली ते चौथी, रोज पाच तास, एकेका तुकडीत ४५ च्या आसपास मुलं. माझं गाव बारामतीकडचं. सहावीपासून खो-खो खेळतेय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुली आणि मुलं दोघंही जिंकली आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या रात्री होस्टेलवर आम्ही सगळ्या जणी रडलो होतो. तेव्हाच ठरवलं होतं की लहान पोरांपासून सुरुवात करायची.

आता ऑगस्ट संपत आला आणि मी अजून कुणालाही काहीही शिकवलेलं नाही.

सोमवारचा दुसरी ब चा तास सांगते. ३५ मिनिटांचा. तिसऱ्या मजल्यावरून रांगेत खाली येण्यात सहा मिनिटं जातात. मग बुटांच्या नाड्या. एकीची बांधायला खाली बसले की समोर आठ-दहा पाय पुढे आलेले असतात, "ताई माझी पण". पावसात भिजलेल्या नाडीची गाठ अशी आवळून बसते की नखानंही सुटत नाही. तेवढ्यात मागची पोरं मैदानभर पांगलेली. शिट्टी मारली तर निम्मी थांबतात, निम्म्यांना वाटतं पळायची शिट्टी झाली. रुमाल पळवणे घेतलं, तर स्वतःचा नंबर कुणाच्या लक्षात नाही. चौघं एकदम धावले, डोक्याला डोकं आपटलं, दोघं रडायला लागले आणि घंटा झाली.

त्याच्या आधीच्या सोमवारी साखळी घेतली होती. एक मुलगी पहिल्याच फेरीत आउट झाली. ती भिंतीपाशी बसून तास संपेपर्यंत मातीत बोटानं रेघा ओढत राहिली. आणि या सोमवारी तिनं चिठ्ठी आणली, "माझा पाय दुखतो मी खेळनार नाही". अक्षर तिचंच होतं. ती चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे.

शिवाय पाऊस आला की तास गेला, गणिताचा पोर्शन राहिला की तास गेला. जुलैमध्ये तिसरी अ चे आठपैकी पाच तास असेच गेले. ओरडून ओरडून घसा बसलाय. मला खेळाडू घडवायचे होते, आणि मी रोज ३५ मिनिटं फक्त मुलांना सांभाळते. मुलं थांबतील कशी, त्यांना खेळवू काय, आणि माझा तास मागायचा कसा? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

उत्तर १ (कोथरूड, १९ वर्षं प्राथमिकला)

ताई, पहिलं म्हणजे पहिली-दुसरीला आउट होणारे खेळ बंद करा. आउट कोण होतं? ज्याला पळायचा सराव सगळ्यात कमी आहे तो, आणि नेमका तोच बसून राहतो. विषामृत घ्या. पकडलं की विष, दुसऱ्यानं हात लावला की अमृत, परत खेळात. घरी बसणारं कुणीच नाही. डोंगर की पाणीमध्येसुद्धा चुकलेल्याला बाहेर काढू नका, जागेवर दोन उड्या मारून पुन्हा घ्या.

शिट्टीचा अर्थ एकच ठेवा: थांबा. सुरू करायला टाळी. पहिले दोन आठवडे दुसरं काहीही शिकवू नका, फक्त पळायचं आणि थांबायचं. हा वाया गेलेला वेळ नाही, तेच त्यांचं शिक्षण आहे. प्रत्येकाला चुन्यानं एक गोल आखून द्या, "आपापल्या घरात" म्हटलं की त्या गोलात उभं राहायचं. पावसानं पुसले तर जुने टायर किंवा पोत्याचे तुकडे. सूचना खाली बसून, हळू आवाजात द्यायची. तुम्ही ओरडलात की पोरं त्याहून मोठ्यानं बोलतात.

आणि चेंडू झेलता येत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. सहा वर्षांच्या मुलाची नजर चेंडूच्या वेगाला पुरत नाही. हळू पडणारी वस्तू द्या, आधी फुगा, मग ओढणी, मग मोज्यांचा चेंडू. खेलो इंडिया या सरकारी कार्यक्रमातल्या मुलांच्या तंदुरुस्तीच्या चाचण्यांतसुद्धा पाच ते आठ वयाला पळण्याची शर्यत नाही. उंची-वजन, एका पायावरचा तोल आणि हाताची चपळाई एवढंच बघतात. ५० आणि ६०० मीटर त्याच्या पुढच्या वयाला. आधी तोल, मग वेग.

नाड्यांचं मी असं करते: चौथीतली दोन मुलं पाच मिनिटं मदतीला मागून घेते. आणि महिन्यातला एक अख्खा तास फक्त नाडी बांधायला देते.

उत्तर २ (वर्गशिक्षिका, तिसरी)

तुमचा तास घेणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. आमच्या शाळेत मीही परीक्षेच्या तोंडावर खेळाचे तास घेतलेत. तुमच्या विषयाला कमी लेखून नव्हे. खरं कारण असं की खेळून आलेला वर्ग जाग्यावर यायला माझी दहा-बारा मिनिटं जायची. घामेजलेली, तहानलेली, भांडण अर्धवट टाकून आलेली मुलं. मग वाटायचं, त्यापेक्षा हा तास घेऊनच टाकू.

आमच्या नव्या सरांनी तास चार मिनिटं आधी थांबवायला सुरुवात केली. पाणी पिणं, हात-तोंड धुणं, दोन मिनिटं डोळे मिटून पडणं, आणि जे भांडण मैदानात झालं ते मैदानातच मिटवणं. मुलं शांत होऊन येतात आणि त्यांच्यानंतरच्या तासाला माझं गणित खरोखर चांगलं होतं. त्यानंतर मी एकही तास मागितला नाही. मुख्याध्यापकांकडे जाण्याआधी वर्गशिक्षिकेला एकदा मैदानावर बोलवा. आम्ही तुमचा तास कधी पाहिलेलाच नसतो.

उत्तर ३ (निवृत्त क्रीडाशिक्षक, हडपसर)

बेटा, पहिलं उत्तर देणाऱ्या ताईंशी एका बाबतीत माझं जमत नाही. रांग आणि सावधान-विश्राम सोडू नकोस. दोनच मिनिटं घे, पण रोज घे. जिन्यावर मूल पडलं तर तुझ्या उपयोगाला तीच रांग येते.

आता खो-खोचं. त्याचे नियम १९१४ मध्ये इथेच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, पण मोठ्यांसाठी. पूर्ण खेळात आठ जण पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या रांगेत, बसतात, एक पळतो, समोर तिघं. तुझी ४५ मुलं त्यात घातलीस तर तीसच्या वर नुसती बघत बसतील. म्हणून खेळ मोडून दे. पहिलीला फक्त उकिडवं बसून झटकन उठून पळणं. दुसरीला एकाआड एक उलट तोंड करून बसणं. तिसरीला पाठीवर हात लावून "खो" देणं, हात आणि आवाज एकदम. खांब आणि मधली पाटी न ओलांडण्याचा नियम चौथीत. सहा-सहाच्या पाट्या कर, एकाच वेळी सात पाट्या चालू दे. खेळाडू पाचवीनंतर दिसतात. तुझ्याकडे जे आहे ते त्याआधीचं काम आहे, आणि ते न झालेली मुलं मला आठवीत मिळायची.

मूळ प्रश्न विचारणारी (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. चुन्याचे गोल दोनदा वाहून गेले, आता पोत्याचे तुकडे वापरतेय. शिट्टीला दुसरी ब पूर्ण थांबते, पहिली अ अजून नाही. तिसरी अ चा एक तास या आठवड्यातही गेला. त्यांच्या बाईंना शुक्रवारी मैदानावर बोलावलंय.

चिठ्ठीवाल्या मुलीनं काल विषामृतात तिघांना सोडवलं. नंतर पाण्याच्या टाकीपाशी तिची नाडी सुटलेली दिसली म्हणून मी वाकले, तर म्हणाली, "ताई थांबा, मला येते." दोन कान केले, एक निसटला, परत केला. मागे रांग खोळंबली होती, पण मी तिला घाई केली नाही.

सर, एक विचारायचं राहिलं. मैदान ओलं असताना पाट्या हॉलमध्ये घेतल्या तर फरशीवर अनवाणी खेळवू की बूट ठेवू?