मदत हवी आहे: लादी पाव ट्रेमध्ये बसतो, यीस्ट बदलू का?

मैदा ५०० ग्रॅम, ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट १० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम, कोमट पाणी ३०० मिली. साखरपाण्यात यीस्ट दहा मिनिटांत छान फेसाळतं. अडीच तासांत पीठ तिपटीवर जातं. पण गोळे ट्रेमध्ये लावले की जेमतेम फुगतात आणि ओव्हनमध्ये बसतात. पाव फिकट राहतो, दारूसारखा वास येतो. स्वयंपाकघरात सध्या ३३ अंश सेल्सियस आहे.

प्रतिसाद १

यीस्ट अजिबात बदलू नका. फेस आला म्हणजे ते जिवंत आहे. पीठ जास्त आंबतंय.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. पिठातली साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड आणि इथेनॉल सोडते. वायूने पीठ फुगतं, वास इथेनॉलचा. घातलेली साखर संपली की मैद्यातल्या स्टार्चपासून सुटणाऱ्या माल्टोज या साखरेवर तिला भागवावं लागतं, आणि ते हळूहळूच सुटतं. म्हणून ट्रेमध्ये जोर उरत नाही. फिकट पाव हा त्याचाच पुरावा, कारण कवचाला तपकिरी रंग यायला साखर शिल्लक लागते. शिवाय इतका वेळ ताणलेलं ग्लुटेन (पिठातलं लवचिक प्रथिनांचं जाळं) वायू धरून ठेवत नाही.

यीस्ट ५ ग्रॅमवर आणा. ते ५० मिली कोमट पाण्यात (३८ ते ४० अंश) भिजवा, मळायला मात्र माठातलं पाणी घ्या. यीस्ट थेट गार पाण्यात भिजवू नका: कोरड्या पेशींतून ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य बाहेर झिरपतं आणि पीठ सैल, चिकट होतं. पीठ दुप्पट झालं की थांबा, तिप्पट नको. या उन्हाळ्यात तासाभरात होईल, पण घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. सरळ उभ्या बरणीत लिंबाएवढा गोळा दाबून बसवा आणि त्याच्या उंचीवर रबरबँड लावा, म्हणजे अंदाज चुकत नाही.

ट्रेमधल्या गोळ्यावर ओलं बोट हलकेच दाबा. खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरला तर लगेच ओव्हनमध्ये, २०० अंशांवर १८ ते २० मिनिटं. तसाच राहिला तर उशीर झालाय.

धागाकर्ता

धन्यवाद! इन्स्टंट यीस्ट वापरलं तर किती? आणि आत्ता आंबलेलं पीठ टाकून द्यायचं का?

प्रतिसाद २

इन्स्टंट ४ ग्रॅम पुरे, थेट मैद्यात मिसळा. मीठ २ टक्के आहे, ते कमी करू नका. यीस्टला आवर घालायला तेच उपयोगी पडतं. गोड पावासाठी साखर मैद्याच्या १० टक्क्यांवर नेलीत तर मात्र पेशींतलं पाणी ओढलं जाऊन यीस्ट मंदावतं, तेव्हा वेळ वाढवा.

पीठ टाकू नका. त्यातलं १०० ग्रॅम पुढच्या ५०० ग्रॅम मैद्यात मळताना घाला, चव खूप छान येते. त्या घाण्यात यीस्ट ३ ग्रॅमच घ्या. उरलेलं पातळ लाटून तव्यावर भाजा. यीस्टचं फोडलेलं पाकीट हवाबंद डब्यात, फ्रीजरमध्ये.