विषय: सोक्चो ट्रिप, शनि-रवि, बरोबर सासूबाई (व्हेज + गुडघे)

नमस्कार मंडळी,
लाँग वीकेंडला आम्ही दोन-तीन फॅमिली मिळून कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सोक्चोला जायचं म्हणतोय. सासूबाई पुण्याहून आल्यात, शुद्ध शाकाहारी आणि गुडघे दुखतात. मुलांना बीच, नवऱ्याला ओजिंगो सुंदे (भरलेलं म्हाकूल), मला सोराकसान डोंगर. गाडी न्यावी की बस? आणि आईंना तिथे काय खायला घालू, की सरळ दशम्या-चटणी बांधून नेऊ?
– सुवॉनहून

---

उत्तर:

ताई, लाँग वीकेंडला गाडी नको. २०१७ ला यांगयांगपर्यंतचा एक्सप्रेसवे झाल्यापासून अख्खं सोल तिकडे लोटतं. एरवी अडीच तासांचा रस्ता आहे, बसही त्याच ट्रॅफिकमध्ये अडकते म्हणा पण निदान झोपता तरी येतं. आणि सोक्चोत टर्मिनल दोन आहेत बरं का, सोलच्या एक्सप्रेस टर्मिनलवरून बसलात तर बीचजवळ उतरता आणि दोंग-सोलवरून बसलात तर पार उत्तरेला, बंदराच्या बाजूला, त्यामुळे सगळ्या फॅमिली एकाच ठिकाणाहून बसा नाहीतर फोनाफोनीतच दुपार जाईल. सोराकसानची ७ किंवा ७-१ नंबरची बस दोन्हीकडून मिळते. रस्ते शोधायला गूगल नाही, नावेर (Naver) नावाच्या कोरियन ॲपचा मॅप वापरा.

सोराकसानच्या केबल कारचं तिकीट ऑनलाइन मिळत नाही, जागेवरच घ्यायचं आणि वारा सुटला की बंद, म्हणून सकाळी पहिलं तेच उरका. उल्सानबावी कड्याचं तर नावच काढू नका, पायऱ्याच पायऱ्या. आईंसाठी सिनहुंगसा देवळाकडचा सपाट रस्ता छान आहे, वाटेत ब्राँझचा भलामोठा बुद्ध बसलाय.

जेवणाचं म्हणाल तर डोंगराच्या गेटपाशी सान्चे बिबिमबाप मिळतो, रानभाज्यांचा भात, अंडं आणि मांस नको म्हणून आधीच सांगा. हाकसाफ्यॉंग भागात सुंदुबूची (मऊ टोफूची) हॉटेलं आहेत, पांढरं साधं मागवा, लाल रश्श्यात शिंपल्या असू शकतात. बटाट्याचं कामजाजॉन म्हणजे आपलं थालीपीठच समजा. किमची मात्र आईंच्या पानात वाढू नका, तिच्यात बहुतेक वेळा खारवलेला जवळा असतो.

आता नवऱ्याचं सुंदे. ते आबाई गावातच खा, पण खाऊन, फोटो काढून लगेच पळू नका हो, माझ्या मते सोक्चोत बघायची खरी जागा तीच. कोरियन युद्धात, १९५१ च्या माघारीत, उत्तरेकडच्या हामग्यॉंग प्रांतातून दक्षिणेच्या सैन्याबरोबर खाली आलेली माणसं तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर राहिली, काही दिवसांत परत जाऊ म्हणून घराच्या शक्य तितकं जवळ, आणि मग १९५३ ला युद्धबंदी झाली आणि सीमा बंद झाली ती झालीच. सुंदे त्यांच्याकडचंच, म्हाकुलाच्या पोटात चिकट भात, भाज्या ठासून वाफवतात, मग चकत्या करून अंड्यात बुडवून तव्यावर परततात. मार्केटच्या बाजूने गावात जायला गेत्बे नावाचा तराफा आहे, इंजिन नाही, पाण्यावरून तार बांधलीय ती लोखंडी आकड्याने ओढत जायचं, प्रवाशांनीही. आता मोठे पूल झालेत, चालतही जाता येतं, पण मुलांच्या हातात आकडा द्याच.
– देजॉनहून

---

उत्तर:

वरचं सगळं मान्य, फक्त सुंदेवरच थांबू नका असं मी म्हणेन, त्याच लोकांनी आणलेलं हामहुंग नेंगम्यॉन (थंड नूडल्स) खा, बर्फासारखं गार, वर तिखट मुरवलेला मासा. बहुतेकदा तो म्यॉंगते (पोलॉक) असतो, पूर्वी इथल्या समुद्रात मिळायचा, मग जवळजवळ संपला, २०१९ पासून कोरियात त्याची मासेमारीच बंद आहे, आता पानात येतो तो बाहेरून आलेला.

मुलांना सांगून ठेवा, पोहायला बीच फक्त जुलै-ऑगस्टमध्ये उघडा, बाकी वेळ पाय भिजवायचे. इथलं पाणी लगेच खोल होतं, भरती-ओहोटी जवळजवळ नसल्यासारखीच, पश्चिम किनाऱ्यावरच्या इंचॉनच्या उलट. कोकणातल्यासारखं ओहोटीला दूरवर चालत जाऊ असलं काही डोक्यात ठेवू नका.

आणि सूनबाई, दशम्या न्याच. रूम बुक करताना बेडवाली बघून घ्या, ओंडोल रूम स्वस्त पडते पण जमिनीवर गादी असते, तुमच्या सासूबाईंना सकाळी उठवायला दोन माणसं लागतील. जेवायलाही खुर्चीवालं टेबल मागा.
– काका, सोल