मदत हवी आहे : हातमागावरच्या पैठणीचे रील, आवाज आणि रंग

नमस्कार मंडळी. येवल्यात आमचा घरचा हातमाग आहे. पैठण्यांसाठी इन्स्टाग्रामवर छोटे व्हिडिओ सुरू करायचेत. पदर उलटून दाखवला की मागच्या बाजूनेही मोर जवळपास तसाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागाच्या साडीतला फरक गिऱ्हाइकाला तिथेच कळतो, पण फोटोत हे उतरत नाही.

विणताना बोललं की मागाच्या खटखटीत आवाज बुडतो. नंतर वेगळा आवाज भरून पाहिला, तर ओठ जुळत नाहीत. त्याहून मोठी अडचण धूपछाव रंगाची. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे साडी हलली की फोन आपोआप रंग बदलतो. ट्यूबलाइट बंद करून खिडकीच्या उजेडातही घेतलं, तरी जांभळा निळाच दिसतो. रंग वेगळा निघाला की साडी परत येते, ते परवडत नाही.

फोन साधा अँड्रॉइड, स्टँड आहे. माग हलवता येत नाही. खर्च दोन हजारांपर्यंत. बिझनेस अकाउंटवर गाजलेली गाणी मिळत नाहीत, ती नकोतच. मागाचा आवाज मागे हळू ऐकू यायला हवा.

एवढ्या खर्चात बसेल असा कॉलर माइक कोणता? आणि व्हिडिओ घेताना व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार फोन रंग जुळवतो ती सेटिंग) लॉक करता येईल असं कोणतं अ‍ॅप तुम्ही स्वतः वापरता?