युगांडात दीड वर्ष स्वयंसेवक म्हणून जायचंय, ४६ किलोत काय काय बसवू?

कोरांटी:

नमस्कार मंडळी. नर्स आहे. उत्तर युगांडात गुलूजवळच्या एका रुग्णालयात १८ महिन्यांची स्वयंसेवक नेमणूक मिळाली आहे. निघायला सात आठवडे आहेत. मुंबई ते एंटेबे विमान, पुढे रस्त्याने. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा आणि हातात ७ किलो. राहायला एक खोली, वीज येऊन-जाऊन, स्वयंपाक माझा मीच.

घरच्यांनी केलेली यादी: गोडा मसाला ३ किलो, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या १ किलो, तूरडाळ ५ किलो, नाचणीचं पीठ ३ किलो, शेंगदाणे २ किलो, कुकर, मिक्सर, दीड वर्षाचा साबण-शॅम्पू, पांढरे युनिफॉर्म सहा, पूजेचं साहित्य. वजन आत्ताच ६१ किलो झालंय आणि कपडे अजून कपाटातच आहेत. काय काढू? औषधं, लशी, विजेचे प्लग यांचंही सांगा.

बोचकं:

अभिनंदन, ताई. दीड वर्षाचं सामान न्यायचं हे आधी डोक्यातून काढा. पहिले तीन आठवडे बाजारात न जाता निभावेल इतकं, आणि तिथे मिळणारच नाही असं. बाकी सगळं गुलूत किंवा कंपालात मिळतं. साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, बादली, चादरी, मच्छरदाणी, सगळं. साबण-शॅम्पूची पिशवी काढलीत की चार-पाच किलो तिथेच सुटतील.

बॅगा भरताना एकीत कपडे आणि दुसरीत किराणा अशी वाटणी करू नका. एक बॅग मागे राहिली तर दुसरीच्या जिवावर आठवडा निघायला हवा. दोन्हींत निम्मे कपडे, निम्मा खाऊ. हातातल्या बॅगेत तीन महिन्यांची औषधं, चष्म्याची दुसरी जोडी आणि तिचा नंबर, कागदपत्रं, एक जोड कपडे, स्टेथोस्कोप. घरच्या स्प्रिंगच्या काट्यावर विसंबू नका, २३ ऐवजी २२ किलोवर थांबा. जादा वजनाचे पैसे मसाल्याच्या किमतीपेक्षा जास्त पडतात.

एंटेबेहून कंपाला आणि तिथून गुलू साधारण ३३० किलोमीटर. बॅगा गाडीच्या पोटात किंवा टपावर जातात, म्हणून आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर लावा. मात्र सुटीत शेजारच्या देशांत जायचं असेल तर कॅरीबॅगा घेऊन जाऊ नका. केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून त्यांवर बंदी आहे.

कपडे: तिथली माती आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी लाल. कोरड्या दिवसांत, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारी, तिची धूळ सगळीकडे बसते आणि पावसात तिचाच चिखल होतो. पांढऱ्यावर पडलेला डाग जात नाही. सहा पांढरे युनिफॉर्म शिवण्याआधी तिथल्या मेट्रनना रंग विचारून घ्या. बाकी सुती सलवार-कमीज उत्तम, गुडघ्याखालचा स्कर्टही चालतो. आणि एक, कामावर चुरगळलेले कपडे तिथे बेफिकिरीचं लक्षण समजतात. गरीब भागात जातोय म्हणून जुनेपाने कपडे नेणाऱ्यांची हमखास पंचाईत होते. लष्करी छापाचं काही म्हणजे काही नको, टोपी-सॅकसुद्धा. युगांडात नागरिकांनी तसे कपडे घालायला बंदी आहे.

बंद बूट दोन जोड. पायात जिगर नावाची पिसू शिरते, तिच्यासाठी चपला म्हणजे आमंत्रण.

हेल्मेट न्या. तिथल्या भाड्याच्या मोटरसायकलला बोडा-बोडा म्हणतात. तुमची संस्था त्यावर बसायला मनाई करते का ते आधी पाहा. परवानगी असेल तर मापाचं आयएसआय हेल्मेट इथूनच घ्या, साधारण सव्वा किलो. पोकळीत मोजे आणि अंतर्वस्त्रं कोंबली की जागाही वाया जात नाही.

पिवळं_कार्ड:

सात आठवडे म्हणजे वेळ आहे, पण रेंगाळू नका.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. केंद्रं ठरावीक दिवशीच लस देतात, तेव्हा आजच चौकशी करा. लस घेतल्याचा दाखला म्हणून मिळणारं पिवळं कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं आणि ११ जुलै २०१६ पासूनच्या नियमानुसार ते आयुष्यभर चालतं. त्यावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून पाहा. हे कार्ड युगांडात शिरताना लागतंच, पण खरी अडचण परतताना येते. कार्ड नसेल तर भारतात विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. ही जिवंत लस आहे. गोवर-गालगुंडाची लसही घ्यायची असेल तर दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर धरा.

बाकी: टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात, मेंदूज्वर (उत्तर युगांडा आफ्रिकेच्या मेंदूज्वर पट्ट्यात येतो), आणि कुत्रा चावण्याआधीची रेबीज. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले असतील तरी अँटीबॉडी तपासा, १० mIU/mL किंवा त्याहून जास्त हव्यात.

मलेरिया तिथे वर्षभर, आणि बहुतेक फॅल्सिपॅरम या घातक जातीचा, म्हणून क्लोरोक्विनचा उपयोग नाही. प्रतिबंधाला तीन पर्याय, निवड डॉक्टरांची. मेफ्लोक्विन आठवड्याला एक गोळी, जाण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करायची. नैराश्य किंवा फिट्सचा इतिहास असेल तर नको. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, एक-दोन दिवस आधीपासून. पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत व्रण पडतो. उन्हाने कातडीही लवकर भाजते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, सोसायला सोपी पण महाग. पहिल्या दोन्ही परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायच्या, तिसरी सात दिवस. घरी पोहोचल्यावर गोळी बंद करणं ही नेहमीची चूक. रोजच्या गोळीच्या दीड वर्षात साडेपाचशेच्या आसपास होतात. सगळ्या नेऊ नका, तीन महिन्यांच्या न्या आणि पुढची सोय संस्थेकडून लेखी घ्या.

स्वतःची सगळी औषधं मूळ पट्टीत, सोबत इंग्रजी चिठ्ठी, त्यावर कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलं काही असेल तर चिठ्ठीशिवाय हलू नका. आणि रुग्णालयासाठी ओळखीच्या केमिस्टांनी दिलेली उरलेली औषधं बॅगेत घालू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दान दिलेल्या औषधाची मुदत पोहोचताना किमान एक वर्ष उरलेली हवी. सुट्या गोळ्यांची पिशवी कस्टममध्ये अडते आणि त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

नर्स म्हणून मुख्य गोष्ट: सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत. ती कुठे ठेवलेली असतात आणि रविवारी किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचारा. स्वतःचं सामान: स्टेथोस्कोप, डायलचं बीपी यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, सेकंदकाट्याचं घड्याळ, एन-९५ मास्क तीसेक. बॅटरीवरचं बीपी यंत्र नको.

फोडणी:

ती यादी वाचून हसू आलं, रागावू नका. नाचणीचं पीठ युगांडाला नेणं म्हणजे रत्नागिरीला हापूस नेणं. नाचणीचं मूळ घरच पूर्व आफ्रिकेचा डोंगराळ भाग. गुलूकडे नाचणी, ज्वारी (बहुधा लालसर), शेंगदाणे, तीळ भरपूर. तीळ-शेंगदाण्याची पेस्ट घरोघरी खातात, तिला ओडी म्हणतात. चिंचही मिळते. चपाती तर त्याच नावाने रस्त्यावर मिळते आणि कोळशाच्या शेगडीला सिगिरी म्हणतात, ऐकलंत की लगेच कळेल! तूरडाळ, बेसन, पोहे, हिंग, मोहरी, जिरं कंपालातल्या भारतीय दुकानांत. पाच किलो डाळ कमी, तीन किलो पीठ कमी, दोन किलो शेंगदाणे कमी.

पण त्या दुकानांचा माल मुख्यतः गुजराती स्वयंपाकाच्या बेताने भरलेला, म्हणून आपलं खास तेवढं इथून न्या: दगडफूल, नागकेशर, आमसुलं, मेतकूट. चौघांचं मिळून एक किलोही होत नाही.

गोडा मसाला ३ किलो नको. त्यातलं खोबरं आणि तीळ तेल सोडतात, उष्ण हवेत सहा महिन्यांत खवट वास येतो. पाऊण किलो पुरे, २५० ग्रॅमच्या हवाबंद पाकिटांत. शक्यतो खोबरं-तीळ न घालता कुटून घ्या आणि ते ताजं भाजून तिथेच मिसळा.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढाच. तेलामुळे खोबरं विमान वाहतुकीत पेट घेणाऱ्या मालात धरतात, एक्स-रेमध्ये दिसलं की बॅग उघडतात. कापूर आणि काडेपेटीचंही तेच, पूजेच्या पिशवीत घरचे गुपचूप घालतात. लोणचं-तूप हातातल्या बॅगेत नको. तुपाच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा, वर चिकटपट्टी, मग दोन पिशव्या, मग स्टीलचा डबा.

कुकर मात्र न्याच. तीन लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा, साधारण दोन किलो. गुलू समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात राजमा कोळशावर तासन् तास शिजत बसतो. दोन जादा रबरी रिंगा, एक शिट्टी, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. कुकर तिथे मिळेल, तुमच्या कंपनीची रिंग मिळेलच असं नाही. आत मसाल्याची पाकिटं भरा, पण झाकण वेगळं ठेवा, म्हणजे तपासणीत पटकन उघडता येईल.

तेरा_अँपिअर:

मिक्सर काढा. ४-५ किलो आणि ७५० वॅट. खोलीत सौर इन्व्हर्टर असला तर तो बहुधा ३०० वॅटच्या आतबाहेरचा, मिक्सर लावला की ट्रिप होणार. तिथे शेंगदाणे कांडायचे लाकडी उखळ-मुसळ मिळतं.

व्होल्टेज आपल्याइतकंच, म्हणजे ट्रान्सफॉर्मर नको. फक्त सॉकेट वेगळं, तीन चपट्या पिनांचं, ब्रिटिश पद्धतीचं. विमानतळावरचे युनिव्हर्सल अडॅप्टर घेऊ नका, ढिले बसतात, ठिणग्या उडतात आणि अर्थिंग बहुतेकांना नसतंच. त्यापेक्षा चार खाचांचा चांगला भारतीय एक्स्टेंशन बोर्ड न्या आणि तिथे मिळणारा १३ अँपिअरचा प्लग त्याच्या वायरला लावा. तपकिरी किंवा लाल वायर फ्यूजकडच्या टोकाला, निळी किंवा काळी समोरच्या, हिरवी वरच्या लांब पिनेला. आत १३ चा फ्यूज असेल तर काढून ५ चा घाला, कारण बोर्डची वायर बारीक असते. एक छोटा स्क्रूड्रायव्हर मोठ्या बॅगेत ठेवा. तुमची सगळी उपकरणं भारतीय पिनांवर चालतील.

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंत चालते. हिशेब: एमएएच गुणिले ३.७ भागिले १०००. म्हणजे २०,००० ची ७४ होते. आकडा पुसलेली असेल तर काढून घेऊ शकतात. डोक्याला बांधायचा दिवा एक, रात्रपाळीत वीज गेली की दोन्ही हात मोकळे लागतात.

सिम तिथे पासपोर्टवर मिळतं आणि मोबाइल मनी रोजच्या वापरात आहे. भारतीय सिमवर बँकेचे ओटीपी यायला हवेत, म्हणून रोमिंग निघण्याआधीच सुरू करा आणि रिचार्ज चालू ठेवायचं काम घरच्या कोणावर तरी सोपवा. ९० दिवस वापर नसला तर नंबर बंद होऊ शकतो, आणि नंबर गेला की खातं अडकलं.

डॉलर न्याल तर नव्या छापाच्या, कोऱ्या, न घडी घातलेल्या ५० आणि १०० च्या नोटा. जुन्या किंवा शाईने खूण केलेल्या नोटा नाकारतात, लहान नोटांना भाव कमी देतात.

कोरांटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. खोबरं, कापूर, मिक्सर, पीठ, डाळ, शेंगदाणे, साबण काढले. दोन प्रश्न राहिले. मिक्सरबरोबर इस्त्रीही काढू का? आणि तिथे नर्स म्हणून नोंदणीसाठी इथून कोणते कागद न्यावेत?

पिवळं_कार्ड:

इस्त्री काढा, पण इस्त्री करणं सोडू नका. बाहेर वाळणाऱ्या ओलसर कपड्यांवर मँगो फ्लाय नावाची माशी अंडी घालते. अळी कातडीत शिरते आणि गळूसारखी गाठ येते. म्हणून सगळे कपडे दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करायचे, शिवणी आणि इलॅस्टिकवर जास्त वेळ. अंतर्वस्त्रं आणि टॉवेलसुद्धा. वीज नसेल तेव्हा आपल्या धोब्याकडे असायची तशी कोळशाची इस्त्री तिथल्या बाजारात मिळते. ज्यांना हा खटाटोप नको ते कपडे खोलीत जाळीखाली वाळवतात, पण पावसाळ्यात ते वाळत नाहीत.

बोचकं:

कागद: पदवी, गुणपत्रिका, महाराष्ट्रातल्या नर्सिंग परिषदेचं नोंदणीपत्र आणि तिचंच गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आहे, तक्रार नाही असा दाखला). हे शेवटचं मिळायला वेळ लागतो, बाकी सगळं सोडून आधी तो अर्ज करा. पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स, अनुभवपत्रं, पासपोर्ट आकाराचे फोटो बारा. प्रत्येकाच्या तीन प्रती. मूळ कागद हातातल्या बॅगेत, एक संच मोठ्या बॅगेत, एक घरी, आणि स्कॅन ईमेलमध्ये. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने आहे का, तेही आजच बघा.

कोरांटी:

पासपोर्ट संपतो परतायच्या महिन्यानंतर चारच महिन्यांनी! उद्याच नूतनीकरणाचा अर्ज टाकते.

पिवळं_कार्ड:

मग पीतज्वराची लस नवा पासपोर्ट हातात आल्यावरच घ्या, नाहीतर कार्डावर जुना क्रमांक पडेल. निघायच्या आधी दहा दिवस सुटतील एवढं मात्र बघा.