माळ्यावरची शिलाई मशीन पुन्हा चालू करताना: अनुभव धागा

पायमशीन असो की हातमशीन, माळ्यावरून खाली उतरवली की पहिला प्रश्न येतो, "चालंल का?" इथं कोल्हापूरकरांनी आपापल्या भागाच्या नावानं त्याच कामाचं लिहा. माप, क्रम, काय बिघडतं आणि का. आजीच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

राजारामपुरी
सुटे भाग शोधायच्या आधी मशीन कुठली ते ओळखा. सुईजवळची सरकपट्टी ओढून शटल (खालचा दोरा फिरवणारा भाग) बघा. शटल होडीसारखं लांबुळकं आणि बॉबिन काडीसारखी असेल तर ती सिंगर २७ किंवा २८ च्या घडणीची. गोल बॉबिन डावीकडून केससकट (बॉबिन बसते ती डबी) निघत असेल तर १५ नंबर. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या घरगुती मशीनी याच घडणीवर बेतलेल्या आहेत, म्हणून त्यांची केस, दाता (कापड सरकवणारी दातेरी पट्टी), सुई आजही मिळते. ६६ मध्ये बॉबिन वरून टाकतात. ती दोन्ही अंगांनी किंचित फुगीर असते, १५ ची सपाट. अदलाबदल केली की दोरा अडकलाच म्हणून समजा.
सिंगरच्या सिरियल नंबराआधी अक्षर नसेल तर मशीन १९०० च्या आधीची. '१५ के' मधला 'के' म्हणजे किल्बोवी, स्कॉटलंडात क्लाइडबँकला असलेला कारखाना. तो १९८० साली बंद पडला.

शिवाजी उद्यमनगर
चाक हलत नाही म्हणजे मशीन मोडली असं नाही. बहुतेक वेळा कुणीतरी खोबरेल नाहीतर शेंगतेल घातलेलं असतं. खोबरेल थंडीत गोठतं, आणि दोन्ही जुनी झाली की चिकट होऊन बसतात.
सुई, बॉबिन, केस काढा. डोकं मागं कलवा. तेलाच्या प्रत्येक भोकात आणि खालच्या प्रत्येक सांध्यावर रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, रात्रभर राहू दे. रॉकेल नसेल तर डिझेल, फक्त वास राहतो. सकाळी चाक हातानं पुढं-मागं करा, हलेल तेवढंच. पाना-हातोडा लांब ठेवा. बीड वाकत नाही, तुटतं. मोकळं झालं की वीस-पंचवीस फेरे द्या, निघालेला काळा चिकटा पुसा आणि मग प्रत्येक जागी मशीन ऑइलचा एकेक थेंब. हे राहिलं तर सगळं वाया, कारण रॉकेल हे वंगण नाही.
सोनेरी नक्षीला स्पिरिट किंवा थिनर लावू नका. वरचा थर लाखेचा असतो, नक्षीसकट निघून येतो.

शुक्रवार पेठ
वरची रीत पुरात बुडालेल्या मशीनला तशीच लावू नका. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी आलं की गाळ भोकांतून आत बसतो, आणि नुसतं चाक फिरवलं तरी तो पॉलिश कागदासारखा दांडा घासतो. आधी डावीकडची तोंडपट्टी (सुईच्या दांड्यावरचं झाकण) आणि मागचं गोल झाकण काढून स्वच्छ पाण्यानं धुवा, त्याच दिवशी वाळवून तेल द्या. फळी सावलीतच वाळवा. उन्हात पोपडे सुटतात.

मंगळवार पेठ
कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिन केसचा स्क्रू पिळतात. बिचाऱ्या केसचा काही दोष नसतो! वरचा दोरा टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्यांत बसलेलाच नसतो. फूट (कापड दाबणारा पाय) खाली असताना ओवलं की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा वरच राहतो. फूट उचला, मग ओवा.
टाके सुटत असतील तर सुई बघा. पूर्ण वर बसली पाहिजे, लांब खाच ओवायच्या बाजूला, चपटी बाजू शटलच्या टोकाकडं. साध्या सुती कापडाला १४ नंबर पुरते. सुई बदलूनही सुटतात? मग सुईचा दांडा घसरला असेल. सुई तळाला जाऊन साधारण अडीच मिलिमीटर वर आली की शटलचं टोक सुईच्या डोळ्याच्या किंचित वर यायला हवं. तोंडपट्टीच्या आतला दांड्याचा स्क्रू सैल करून तेवढंच जुळवा.

कसबा बावडा
पायमशीनची चामड्याची वादी घसरत असेल तर एका वेळी सेंटिमीटरभरच कापा; फार ताणली की पाय जड होतो. चाकाचा वरचा भाग आपल्याकडं फिरला पाहिजे. उलटा पाय बसला की दोरा तुटतो.
बॉबिन भरताना चाकाच्या मधली गुंडी सैल करूनही सुई थांबत नाही, किंवा आवळूनही चाक नुसतंच फिरतं, तेव्हा आतला तीन कानांचा वॉशर चुकीचा बसलेला असतो. छोटा स्क्रू काढा, गुंडी काढा, वॉशर अर्धा फेरा फिरवून परत लावा.