मदत हवी आहे : गरोदर बायकांची मिश्री सुटावी म्हणून काय करता?

नमस्कार, मी आशा सेविका. माझ्या वस्तीतल्या चार गरोदर बायका दिवसातून तीन-चारदा मिश्री लावतात. बिडी-सिगारेट ओढत नाही, म्हणजे व्यसन नाही असं त्यांचं म्हणणं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटिन बाळापर्यंत पोचतं, वजन कमी भरू शकतं, सगळं सांगून झालं. पण सकाळी तिच्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात, आणि तव्यावर भाजून देते सासूच! (तिलाही लग्नाआधीपासूनची सवय.) १८००-११-२३५६ या क्विटलाइनला (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) फोन करायला दोघी तयार आहेत, पण मोबाइल नवऱ्याकडे. सासू-सुनांना एकत्र बसवून कुणी गट चालवलाय का? मिश्री सोडल्यावर पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, चिडचिड होते, तेव्हा त्यांना कसं सांभाळलंत?