मदत हवी आहे: हिरा समोर बघून घेताना नेमकं काय तपासायचं?

साखरपुड्याच्या अंगठीसाठी गोल, 30 सेंटचा (म्हणजे 0.30 कॅरेटचा) नैसर्गिक हिरा हवाय. घडणावळीसकट बजेट 80 हजार. आम्ही फोंड्याला राहतो. पणजी, मडगाव कुठेही जायची तयारी आहे. लॅबमधला नको, घरच्यांचा हट्ट. ऑनलाइनही नको: रंग 'जी', शुद्धता 'व्हीएस-2', कट 'एक्सलंट' अशा ग्रेडचे, कागदावर तंतोतंत सारखे दोन हिरे सापडले, किमतीत 9 हजारांचा फरक, आणि फोटोवरून काहीच कळेना.

आतापर्यंत दोन दुकानं झाली. पहिल्यात खडा सुटा दाखवायलाच तयार नव्हते, बसवलेलाच बघा म्हणे. दुसऱ्यात जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट होता. वरच्या झगझगीत दिव्यांखाली काय, काचसुद्धा चमकेल! म्हणून हिरा दारापाशी नेऊन पांढऱ्या कागदावर ठेवला, तर जरा दुधाळ वाटला. रिपोर्टात फ्लोरेसन्स (अतिनील प्रकाशात हिरा किती उजळतो ते) 'स्ट्राँग' लिहिलंय. कडेवर लेझरने कोरलेला रिपोर्टचा नंबर 10 पट भिंगातून शोधला, पण माझा हात इतका हलत होता की धड दिसलाच नाही. विक्रेत्यालाही तो दाखवता आला नाही, हे मात्र खटकलं.

शनिवारी परत जाणार आहे. तर जाणकारांनो, 'जी' ग्रेडच्या रंगात स्ट्राँग फ्लोरेसन्स सरळ टाळावा, की दुधाळपणा डोळ्यांना दिसला तरच? भिंगाखाली नंबर जुळल्याशिवाय पैसे न देणं बरोबर ना? आणि सुटा हिरा घेऊन आपल्या नेहमीच्या शेटकडून (सोनाराकडून) बसवून घेतला, तर तोच खडा परत आला हे कसं पडताळायचं?